विचारणारं मूल, सांगणारं घर

(सिंगापूर येथील मराठी श्रोत्यांसमोर स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील पाठ)



६ एप्रिल १९५५, बुधवार. त्या दिवशी सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री म्हणून डेव्हिड मार्शल यांनी सूत्रं हाती घेतली. वय सत्तेचाळीस, व्यवसाय वकिली, घराणं बगदादहून आलेल्या ज्यूंचं. इंग्रजांची वसाहत अजून संपलेली नव्हती. पण निवडून आलेल्या माणसाच्या हाती कारभाराचा थोडा तरी भाग पहिल्यांदाच येत होता. त्याच संध्याकाळी सूर्य मावळला आणि ज्यू पंचांगातली निसान महिन्याची पंधरावी तिथी लागली. त्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. ती पेसाहची पहिली रात्र होती. मिसर देशात फारोच्या गुलामगिरीत राबणाऱ्या लोकांना मोशेने बाहेर काढलं, ती कथा या रात्री घराघरांत जेवणाच्या मेजावर सांगितली जाते. इथल्या मिडल रोडच्या आणि वॉटर्लू स्ट्रीटच्या परिसरातल्या ज्यू घरांतही ती त्या रात्रीची कथा होती. परक्या सत्तेपुढे उभं राहून आपल्या लोकांचं स्वातंत्र्य मागणारा माणूस या बेटाच्या राज्यकारभारात आणि मेजावरच्या कथेत एकाच दिवशी आला.

या योगायोगात मला दैवी संकेत शोधायचा नाही. मला त्या मेजाबद्दल बोलायचं आहे. सिंगापूरमधला ज्यू समाज फार लहान. १८३०च्या शिरगणतीत नऊ व्यापारी, १९३१ साली ८३२ माणसं, आणि आज जगभरातून नोकरी-व्यवसायासाठी आलेले धरून सुमारे अडीच हजार. त्यातही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बगदादी कुटुंबांतले लोक काहीशेच. एवढ्याशा समाजाने दोनशे वर्षांच्या आसपास आपला सण कसा सांभाळला? तो सभागृहाच्या भरवशावर सांभाळलेला नाही. आधी घर आणि मग समाज, या क्रमाने सांभाळला आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी याकडे बारकाईने बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि या सणाशी मराठीचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे. त्याकडे मी येणारच आहे.

पेसाह म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण सण. निसानची पंधरावी म्हणजे पौर्णिमा, आणि ती बहुतेक वेळा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास येते. २०२५ साली १२ एप्रिलला सकाळी आपल्याकडे हनुमान जयंतीचा जन्मसोहळा झाला आणि त्याच संध्याकाळी ज्यू घरांत पेसाह सुरू झाला. हे अधूनमधून घडणारच, कारण दोन्ही पंचांगं चंद्रावर महिने मोजतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधिक महिना घालतात. अधिक महिन्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ज्यू पंचांग समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

सणाचे दिवस इस्राएलमध्ये सात, बाहेरच्या देशांत आठ. या दिवसांत गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं आंबलेलं किंवा फुगलेलं काहीही खायचं नाही. इतकंच काय, ते घरात ठेवायचंही नाही. मिसरमधून निघताना घाई इतकी होती की कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, ही त्यामागची कथा. म्हणून बेखमीर भाकर, म्हणजे मत्सा. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भट्टीत जावी लागते. सणाच्या आदल्या रात्री दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात घराचा कानाकोपरा धुंडाळतात, सापडलेले पावाचे कण बाजूला काढून ठेवतात आणि सकाळी जाळतात. हे काम मुलांना सोबत घेऊन करतात. मुलांना ते खेळासारखं वाटतं, आणि सणाची पहिली आठवण तिथेच तयार होते.

बगदादी घरांत पेसाहला भात चालतो. युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये पुष्कळांना तो चालत नाही. चालणाऱ्यांनी मात्र तांदूळ नीट निवडून घ्यायचा असतो. एखादा गव्हाचा दाणा त्यात राहून गेला तर सगळंच फसलं. म्हणून बगदादी बायका तो तीन-तीनदा निवडत. सुपात तांदूळ घेऊन उजेडाकडे तोंड करून बसलेली आपली आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य निराळं सांगायला नको. आज सिंगापूरमध्ये ज्यू समाज अमेरिका, इस्राएल, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया असा सगळीकडून आलेला आहे. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन ज्यू घरांपैकी एकात पेसाहला भात शिजतो आणि दुसऱ्यात शिजत नाही. त्यावरून कोणी कोणाचा सण खोटा ठरवत नाही.

आता मेजाकडे येऊ. त्या रात्रीच्या जेवणाला सेदर म्हणतात. क्रम ठरलेला असतो आणि तो ज्या पुस्तकात दिलेला आहे ते पुस्तक म्हणजे हगादा. प्रत्येकाच्या हातात एक हगादा, मेजावर एक तबक. तबकात कडू भाजी, मिठाच्या किंवा आंबट पाण्यात बुडवायची हिरवी भाजी, भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं आणि एक गोड लगदा. मिसरमध्ये विटा थापताना वापरलेल्या चिखलाची ती आठवण. बगदादी घरांत तो सफरचंदाचा नसतो. खजुराचा रस आटवून काकवीसारखा दाट केलेला पाक आणि त्यात कुटलेले अक्रोड, असा असतो. त्याला ते हलेक म्हणतात. द्राक्षरसाचे चार पेले घेतात. गुलामी म्हणजे कडू, सुटका म्हणजे गोड, अश्रू म्हणजे खारट. जे सांगायचं ते आधी जिभेला कळतं.

पण सेदरचा प्राण या तबकात नाही. तो मुलाच्या प्रश्नात आहे. ठरलेल्या ठिकाणी घरातलं सर्वांत लहान मूल उठून विचारतं की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. भाकर अशी चपटी का, भाजी कडू का, दोनदा बुडवायची का, आज आपण रेलून का बसलो आहोत. मोठ्यांनी मग उत्तर द्यायचं. आणि उत्तर म्हणजे लांबलचक कथाच. पूर्वजांपासून सुरू होऊन गुलामगिरीतून, दहा संकटांतून, समुद्रापर्यंत जाणारी. मूल विचारत नसेल तर त्याला विचारायला लावायचं, घरात मूल नसेल तर नवऱ्याला बायकोने विचारायचं, आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारायचं, इथपर्यंत जुन्या धर्मशास्त्रकारांनी लिहून ठेवलेलं आहे. प्रश्नाशिवाय कथा सुरूच करायची नाही, हा त्यांचा आग्रह. हगादात चार मुलगे येतात. एक शहाणा, एक उद्धट, एक साधा, आणि एक असा की त्याला विचारताही येत नाही. प्रत्येकाला त्याच्या परीने उत्तर द्या, असं तिथे सांगितलं आहे. उद्धट मुलालाही मेजावर जागा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो कुरकुर करतो, टोमणे मारतो, पण तो घरी आलेला आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पंधरा वर्षांच्या, ‘हे सगळं कशाला?’ म्हणणाऱ्या मुलाची सोय या लोकांनी त्यांच्या विधीतच करून ठेवली आहे.

बगदादी कुटुंबांत याला एका छोट्या नाटकाची जोड आहे. बगदादहून मुंबई, कोलकाता, रंगून, सिंगापूर अशा व्यापाराच्या वाटेने ती प्रथाही फिरली. मेजावरच्या तीन मत्सांपैकी मधली मोडून तिचा एक तुकडा कापडात गुंडाळतात आणि मुलाच्या खांद्यावर बांधतात, निघालेल्या वाटसरूसारखा. मोठे विचारतात, कुठून आलास? मूल म्हणतं, मिसरहून. कुठे निघालास? यरुशलेमला. मग ते मूल मेजाभोवती फिरतं आणि प्रश्न विचारायला लागतं. पाच वर्षांच्या मुलाला इतिहास शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. धडा देण्याआधी त्याला त्या कथेतलं पात्र केलेलं असतं. ‘आमचे पूर्वज गुलाम होते’ हे वाक्य त्याच्या कानावर पडतं तेव्हा खांद्यावरच्या गाठोड्याचं वजन त्याला जाणवत असतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दहा संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर काढतात. त्याचा एक अर्थ असा की शत्रू बुडाला तरी तो माणूसच होता, म्हणून आपल्या आनंदाच्या पेल्यातून थोडं कमी करायचं. विजयाच्या कथेत शत्रूच्या दुःखासाठी जागा ठेवणारा हा विधी मला सबंध रात्रीतला सर्वांत उंच क्षण वाटतो.

आता सिंगापूर. आपल्यापैकी बरेच जण बुगीसला जाताना वॉटर्लू स्ट्रीटवरून गेले असतील. तिथे श्रीकृष्ण मंदिर आहे, त्याला लागूनच क्वान इम देवीचं गजबजलेलं मंदिर आहे आणि त्याच रस्त्यावर पुढे माघेन अबोथ सिनेगॉग आहे. ते १८७८ साली उघडलं. त्याआधी बोट की जवळ एका भाड्याच्या जागेत छोटं प्रार्थनास्थान होतं. ते गेलं, पण सिनेगॉग स्ट्रीट हे रस्त्याचं नाव अजून टिकून आहे. दुसरं सिनेगॉग ऑक्सली राइजवरचं चेसेद-एल, १९०५चं. ते मनासे मेयर यांनी आपल्या स्वतःच्या आवारात बांधलं. मेयर बगदादमध्ये जन्मलेले, कोलकात्यात वाढलेले, इथे येऊन अफूच्या आणि पुढे घरजमिनींच्या व्यवहारात अफाट श्रीमंत झालेले. अफूचा उल्लेख मी मुद्दाम केला. या शहरातल्या कितीतरी जुन्या संपत्तीचा पाया त्यात आहे, आणि मुंबईच्या ससूनांचाही आहे. त्या पैशातून सुंदर वास्तू उभ्या राहिल्या हे खरं, आणि तो पैसा कशाचा होता हेही तितकंच खरं. ही दोन्ही सिनेगॉगं १९९८ साली राष्ट्रीय स्मारकं म्हणून जाहीर झाली.

पण गरीब आणि मध्यम ज्यू माणसं टेकडीवरच्या बंगल्यांत राहत नव्हती. ती मिडल रोड, सेलेगी रोड, विल्की रोड या भागात दाटीवाटीने राहत. त्या वस्तीला ती ‘महल्ला’ म्हणत. आपल्याला हा शब्द परका नाही, मुंबईतही इस्रायल मोहल्ला आहे. सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर हवं, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहन चालत नाही. म्हणून घरं सिनेगॉगभोवती, दुकानं घरांभोवती. एलिसन बिल्डिंग आणि डेव्हिड इलायस बिल्डिंग या १९२०च्या दशकातल्या दोन इमारतींवर आजही सहाकोनी तारा दिसतो. अशा वस्तीत सण घरातला की रस्त्यावरचा हे सांगणं कठीण असतं. एका घरातली खजुराच्या पाकाची कढई शेजारच्या चार घरांना पुरते, आणि ज्याचं कोणी नाही त्याला कोणाच्या तरी मेजावर जागा असतेच. सेदरच्या आरंभीच भुकेल्याने यावं आणि जेवावं असं आमंत्रण म्हटलं जातं. वस्तीत ते शब्द खरे होऊ शकत होते.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. ज्यांना शक्य होतं असे पुष्कळ ज्यू त्याआधीच बोटीने निघून गेले होते, त्यांतले बरेच हिंदुस्थानात. राहिलेल्यांना नावं नोंदवावी लागली, दंडाला पट्टी बांधावी लागली. १९४३च्या एप्रिलच्या सुरुवातीला शंभरांहून अधिक ज्यू पुरुषांना पकडून चांगीच्या तुरुंगात टाकलं. त्या वर्षी पेसाहची रात्र १९ एप्रिलला होती. पोलंडमध्ये वॉर्साच्या कोंडवाड्यातल्या ज्यूंनी नाझींविरुद्ध उठाव केला तो हाच दिवस. इथे महल्ल्यातल्या कितीतरी घरांत कथा सांगणारा बाप किंवा आजोबा तुरुंगात होता. त्या रात्री त्या घरांतल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न कोणत्या अर्थाने विचारला गेला असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. पुढे १९४५ साली बायका-मुलांनाही सिम रोडच्या छावणीत नेलं. मार्शल स्वयंसेवक सैनिक म्हणून लढताना युद्धकैदी झाले आणि जपानमध्ये होक्काइदोला कष्टाच्या कामावर गेले.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली समाजाने ज्यूइश वेलफेअर बोर्ड उभारलं, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले मार्शल. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. चौदा महिने. लंडनमध्ये स्वराज्याची बोलणी फिसकटली आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी जून १९५६मध्ये राजीनामा दिला. खुर्चीला चिकटले नाहीत. नागरिकाने आपल्या प्रतिनिधीला समोरासमोर भेटून गाऱ्हाणं सांगायचं ही इथली आजची रीत त्यांनीच सुरू केली. पण पेसाहच्या संदर्भात मला त्यांची दुसरीच गोष्ट सांगायची आहे. राजीनाम्यानंतर त्याच वर्षी ते चीनला गेले. शांघायमध्ये रशियन वंशाचे काही ज्यू अडकून पडले होते, त्यांना देश सोडायची परवानगी मिळत नव्हती. मार्शल यांनी हा प्रश्न थेट चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे नेला, आणि चारशेच्या आसपास माणसं बाहेर पडू शकली. हाती सत्ता नाही, मागे सैन्य नाही, नुकतंच पद सोडलेला एक वकील. आपल्या लोकांना जाऊ द्या, एवढंच मागणं. ज्याने लहानपणापासून दर वर्षी ती कथा ऐकलेली असते त्याला, काय मागायचं आणि कोणापुढे उभं राहून मागायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही, असं मी मानतो.

आता कोकण.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून बेने इस्रायली समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. गावावरून आडनावं पडली. दिवेकर, केहीमकर, तळकर, राजपूरकर. बोली मराठी, पोशाख मराठी. धर्मग्रंथ हाती नव्हते, हिब्रू विसरलेली होती. तरी शब्बाथ, सुंता, खाण्यातले काही निषेध आणि काही सण टिकले होते.

त्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी जुन्या सणांची नावं नोंदवून ठेवली आहेत. त्यांत पेसाहच्या जागी येतो तो ‘अनाशी ढाकाचा सण’. तोंडी लावायला वर्षभर घरात एक आंबट पातळ पदार्थ बरणीत असे. या सणाला ती बरणी झाकून ठेवायची. का झाकायची ते सांगता येत नव्हतं. मोशे, फारो, समुद्र, सगळं स्मृतीतून गेलेलं. हगादा नाही, चार प्रश्न नाहीत. उरली होती झाकलेली बरणी. नीट विचार केला तर ती नेमकी जागच्या जागी आहे. कोकणी माणूस तांदळाची भाकरी खाणारा, फुगवलेला पाव त्याच्या घरात नव्हताच. मग घरात आंबणारी वस्तू कोणती? ती बरणी. पाव नाही म्हणून नियम सुटला असं झालं नाही, जे आंबत होतं त्याच्यावर झाकण पडलं. शतकानुशतकं कोणा ना कोणा आजीने हे केलं आणि सुनेला करायला सांगितलं. धर्मग्रंथांवाचून एवढं टिकवणाऱ्या त्या निनावी मराठी बायकांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

मात्र एक खंत राहतेच. कृती टिकली आणि कथा हरवली, तर सण आचारापुरता उरतो. मुलाने विचारलं, बरणी का झाकायची, तर उत्तर ‘झाकायची असते’ एवढंच. हे उत्तर आपल्याही घरांत किती वेळा दिलं जातं!

कथा परत आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि मराठीतून आली. कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक, मराठीत बायबल आणणारे मिशनरी आणि बेने इस्रायलींतलेच शिकलेले तरुण, अशा तिघांच्या हातून हे काम झालं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण मराठीतला जुना करार वाचून बेने इस्रायली अधिक पक्के ज्यू झाले. १८४६ साली मुंबईत हिब्रू मजकुरासह मराठी भाषांतर असलेला हगादा शिळाप्रेसवर छापला गेला. आणि १८७४ साली पुण्यात दुसरा. तो काढणारे मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात ज्यूंचा हगादा छापला जावा, हे पुणं आपण जरा अधिक वेळा आठवायला हवं. त्यातली बरीच चित्रं युरोपातल्या हगादांवरून घेतलेली आहेत. पण मत्सा भाजण्याच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून काम करत आहेत. ते चित्र जगभरच्या हगादांच्या इतिहासात नावाजलेलं आहे. आपल्यापैकी मात्र फार थोड्यांनी ते पाहिलेलं असेल.

म्हणजे मिसरमधून सुटकेची ही कथा मराठीत दीडशे वर्षांहून जास्त काळ मेजावर, पाटावर, चटईवर बसून वाचली गेली आहे. सणाआधी घरांना चुना काढायचा, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची. काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत काढायचं, मद्याऐवजी पेल्यात तेच. मेंढ्याच्या रक्तात तळवा बुडवून कागदावर ठसा उमटवायचा आणि तो दारावर लावायचा. ज्या घरांच्या चौकटींवर रक्ताची खूण होती ती घरं मृत्युदूताने ओलांडली, ही त्यामागची कथा. पुढे त्याच समाजात मोशेच्या चरित्रावर कीर्तनं रंगली. उभं राहून, झांजेच्या ठेक्यावर, पूर्वरंग-उत्तररंगासह. संदेष्टा एलियाहू यांच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा आजही केला जातो. पेसाहच्या रात्री अनेक ज्यू घरांत याच एलियाहूंसाठी दार उघडून ठेवतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे असं बेने इस्रायली श्रद्धेने सांगतात. १९४८नंतर यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं.

बगदादी आणि बेने इस्रायली यांचं सूत जमलं होतं असं मात्र समजू नका. मुंबईत दोघांची सिनेगॉगं वेगळी, लग्नसंबंध नाहीत, आणि बगदादी मंडळी कोकणी ज्यूंना आपल्या बरोबरीचं मानायला तयार नव्हती. इस्राएलमध्येही बेने इस्रायलींच्या ज्यूपणावर धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली, आणि झगडल्यावर १९६४मध्ये तो वाद मिटला. तुम्ही परके होता, म्हणून परक्याला छळू नका, हे ज्या कथेचं सांगणं, त्याच कथेचे वारस एकमेकांना परकं म्हणत होते. हे दुखरं सत्य आहे आणि या सणावर बोलताना ते झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

आज सिंगापूरमध्ये माघेन अबोथच्या शेजारी २००७पासून जेकब बॅलस सेंटर उभं आहे. तिथे कोशर अन्न मिळतं, मुलांचे वर्ग चालतात, समाजाची कचेरी आहे. पेसाहला सामुदायिक सेदर होतो. ज्यांचं घर इथे नाही, जे नुकते आले आहेत, जे एकटे आहेत, त्यांच्यासाठी. मला यातली विभागणी मोलाची वाटते. सामुदायिक सेदर घरच्या सेदरची जागा घेत नाही. ज्याला घर नाही त्याला एका रात्रीपुरतं घर देतो. शिवाय इस्राएलबाहेर सेदर दोन रात्री असतो. त्यामुळे कुटुंबाला एक रात्र आपली आणि दुसरी पाहुण्यांची किंवा समाजाची, अशी सोय आपोआप होते.

मंडळी, आता आपल्याकडे बघू. परदेशातल्या मराठी माणसाने मंडळं उत्तम चालवली आहेत. याच शहरात २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलन झालं, महेश एलकुंचवार त्याचे अध्यक्ष होते. गणपती, दिवाळी, कोजागिरी, नाटकं, मुलांचे मराठी वर्ग, सगळं होतं. त्यामागचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण अनेक घरांत सण हळूहळू सभागृहात राहायला गेला आहे. शनिवारी संध्याकाळी छान कपडे, मुलांचा नाच, जेवणाचं पाकीट, आणि घरी परत. घरात त्या दिवशी काहीच झालेलं नसतं. मुलाला सण मंचावर दिसतो, आपल्या मेजावर दिसत नाही. आणि मंचावर मुलाला प्रश्न विचारता येत नाही. तिथे त्याने पाठ केलेलं म्हणायचं असतं.

आपल्याकडे सांगण्याची परंपरा नव्हती का? होती. चातुर्मासातल्या कहाण्या होत्या. शुक्रवारची, सोमवारची, नागपंचमीची. घरची बाई हातात अक्षता घेऊन सांगे, बाकीचे ऐकत. त्यात गरिबी होती, छळ होता, उपेक्षित सून होती, आणि शेवटी न्याय होता. आपण त्या जुन्या म्हणून टाकल्या. त्यांतल्या काही टाकण्यासारख्या होत्याही. पण त्यांच्या जागी घरात सांगण्यासारखं दुसरं काही ठेवलं नाही. हे नुकसान धर्माचं आहे की नाही याचं मला सोयरसुतक नाही. भाषेचं आणि कुटुंबाचं ते नक्की आहे. घरात मराठी का बोलायचं याचं मुलाला पटणारं कारण हवं असेल, तर मराठीतच कळेल अशी एखादी गोष्ट घरात असली पाहिजे.

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे एक मोठी कथा आहे, आपल्याकडे तशी एक नाही. हे खरं आहे. पण प्रत्येक घराकडे एक असते. कोणाचे पणजोबा दुष्काळात गाव सोडून गिरणीत आले. कोणाच्या आजीने पहिल्यांदा शाळेत जाऊन गावाचा रोष घेतला. कोणाचं कुटुंब १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर उभं होतं. या शेवटच्या घरांना तर गुलामगिरीतून बाहेर पडण्याची कथा मला समजावून द्यायचीच नाही. ती त्यांची स्वतःची आहे, आणि मुलांना ती कशी सांगावी हे आपण सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून माझी विनंती आहे. वर्षातली एक रात्र निवडा. तुमच्या घराला जी पटेल ती. त्या रात्री बाहेर जाऊ नका. घरातल्या सर्वांत लहान मुलाला एक प्रश्न मराठीत विचारायला शिकवा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला उत्तर देऊ द्या, लांबलं तरी चालेल. एखादा एकटा विद्यार्थी, एखादं नवं जोडपं, घरकामाला मदत करणारी ताई, यांना मेजावर बसवा. मूल उद्धटपणे विचारेल, तरी त्याला उठवू नका. पदार्थ एकच असू द्या, पण तो का केला ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर भारतात आईला किंवा आत्याला फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवरच हे होईल.

आणि वॉटर्लू स्ट्रीटवरच्या त्या केंद्रात २०२१पासून सिंगापूरच्या ज्यूंचं छोटं संग्रहालय आहे. शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जा, आणि जाण्याआधी त्यांना सांगा की यातली कथा आपल्या भाषेत १८४६ सालीच छापली गेली आहे.